इंटरनेटचे उपग्रह ५५० वरून ४८० किलोमीटरवर उतरले, तर आपल्याला नेमके काय मिळणार?

सातपुडेकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो. गाव चहूबाजूंनी डोंगरांत असल्यामुळे मोबाइलची रेंज हवी असेल तर शाळेमागच्या टेकाडावर चढावे लागते, आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत त्या टेकाडावर जत्रा भरते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रहांमार्फत इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली आणि त्यात गडचिरोली, वाशीम व धाराशिवबरोबर नंदुरबारचेही नाव आले, तेव्हापासून वर्गात या उपग्रहांविषयी प्रश्न येऊ लागले आहेत. त्यांतील काहींची उत्तरे मला देता आलेली नाहीत.

स्टारलिंकचे सुमारे ४,४०० उपग्रह जमिनीपासून साधारण ५५० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि २०२६ मध्ये ते टप्प्याटप्प्याने ४८० किलोमीटरवर आणले जातील, असे कंपनीने वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर केले. वनवेब या अशाच दुसऱ्या कंपनीचे उपग्रह १,२०० किलोमीटरवर आहेत, अ‍ॅमेझॉनच्या उपग्रहांसाठी ५९० ते ६३० किलोमीटरच्या कक्षा ठरलेल्या आहेत, आणि आपल्या घरच्या टीव्हीच्या डिशचा उपग्रह तर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. काम एकच असताना उंचीत एवढी तफावत का असावी? नववीतील एका मुलीने विचारले, की उपग्रह ७० किलोमीटर जवळ आले तर इंटरनेट किती पटीने वेगवान होईल. तिच्या शेजारच्या मुलाची शंका वेगळी होती: एवढे खाली आणल्यावर ते आपल्या अंगावर पडणार नाहीत का? जाणकारांनी कृपया सांगावे.

लंबक

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर मांडून दाखवण्यासारखे आहे. रेडिओलहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. आपण एखादे पान उघडतो तेव्हा मागणी डिशवरून उपग्रहाकडे वर जाते, तिथून जमिनीवरील केंद्राकडे खाली येते, आणि उत्तर त्याच वाटेने पुन्हा वर जाऊन खाली येते, म्हणजे उंचीचे अंतर चार वेळा कापावे लागते. ५५० किलोमीटरच्या चार फेऱ्यांना ७.३ मिलिसेकंद लागतात आणि ४८० किलोमीटरच्या चार फेऱ्यांना ६.४. वाचतो तो एक मिलिसेकंदसुद्धा नाही. प्रत्यक्षात दिसणारा विलंब २५ ते ६० मिलिसेकंदांच्या घरात असतो, कारण उरलेला वेळ जमिनीवरील फायबर, राउटर आणि आपली पाळी येण्याची वाट पाहणे यांत जातो. त्यामुळे "किती पटीने" याचे उत्तर "जाणवणारही नाही" असे आहे. हेच गणित टीव्हीच्या उपग्रहाच्या, म्हणजे भूस्थिर, कक्षेसाठी मांडले तर ४७७ मिलिसेकंद येतात, आणि तो फरक मात्र कोणालाही जाणवतो. म्हणून ३५,७८६ किलोमीटरवरून हजार-पाचशे किलोमीटरवर येणे ही मोठी उडी होती. त्यानंतरची सत्तर किलोमीटर ही विलंबासाठी किरकोळ बाब आहे.

पण विलंब आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. विलंब म्हणजे पहिला थेंब नळातून यायला लागणारा वेळ, आणि वेग म्हणजे नळाची धार. ही धार उपग्रहाच्या झोताखाली किती ग्राहक आहेत यावर अवलंबून असते, आणि इथे उंचीचा संबंध येतो. वर्गात विजेरी पेटवून भिंतीपासून दूर-जवळ करून दाखवा. जवळ नेली की प्रकाशाचे वर्तुळ लहान आणि लख्ख होते. उपग्रहाचा अँटेना तोच ठेवला आणि उंची ५५० वरून ४८० केली, तर जमिनीवर पडणाऱ्या झोताचे क्षेत्रफळ जवळजवळ एक चतुर्थांशाने घटते. त्याच लहरी मग कमी लोकांत वाटल्या जातात आणि दाट वस्तीत प्रत्येकाच्या वाट्याला थोडे अधिक येते. तुमच्या गावाला याचा फारसा लाभ नाही, कारण तिथे गर्दीच नाही. लाभ झाला तर तो शहरांच्या कडेच्या वस्त्यांना होईल.

आता याची किंमत. उपग्रह खाली आला की त्याला दिसणारा मुलूख आक्रसतो. डिशला क्षितिजापासून २५ अंशांच्या वरचे आकाशच उपयोगी पडते असे धरले, तर ५५० किलोमीटरवरील उपग्रह आपल्या पायाखालच्या बिंदूपासून चहूकडे सुमारे ९४० किलोमीटरपर्यंत सेवा देऊ शकतो, ४८० वरून हा पल्ला ८४० होतो आणि १,२०० वरून तो १,७०० पर्यंत जातो. अगदी डोक्यावरून जाणारा उपग्रहसुद्धा ५५० वर असेल तर साडेचार मिनिटांत हाताबाहेर जातो, १,२०० वर असेल तर नऊ मिनिटे टिकतो. वनवेबने सुमारे सहाशे उपग्रहांत पृथ्वी झाकली आणि स्टारलिंकने नऊ हजारांहून अधिक वर पाठवले, याच्या मुळाशी बऱ्याच अंशी हीच भूमिती आहे, जरी स्टारलिंकची संख्या केवळ व्याप्तीसाठी नसून ग्राहकांची गर्दी पेलण्यासाठीही वाढवलेली आहे.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजावर इंजिन विभागात आहे, तेव्हा उपग्रहांचे गणित नसले तरी अनुभव सांगू शकतो. पूर्वी जहाजावर फक्त भूस्थिर उपग्रहाची जोडणी असायची आणि पिंग, म्हणजे उत्तर परत येईपर्यंतचा विलंब, साडेसहाशे-सातशे मिलिसेकंदांच्या खाली येत नसे. घरी फोन लावला की मी बोलायचो, आईपर्यंत ते पोहोचायला वेळ लागायचा, तिला वाटायचे की आवाज गेला नाही म्हणून ती "ऐकतोयस ना?" म्हणायची, नेमके तेव्हाच मी पुढचे वाक्य सुरू केलेले असायचे, आणि मग दोघेही एकदम गप्प व्हायचो. अर्धे बोलणे "तू बोल, नाही तू बोल" यातच संपायचे. शेवटी आम्ही वायरलेससारखे प्रत्येक वाक्यानंतर "हं, बोल" म्हणायची सवय लावून घेतली.

दोन वर्षांपूर्वी जहाजावर खालच्या कक्षेतील उपग्रहांची डिश बसली. युरोपच्या किनाऱ्याजवळ पिंग चाळीसच्या आसपास दिसतो, पण भर हिंदी महासागरात तोच शंभराच्या वर जातो. उपग्रह तोच, उंची तीच, मग असे का, हे मला बरेच दिवस उलगडले नव्हते.

लंबक

दर्यावर्दी, भर समुद्रात तुमच्या डोक्यावरील उपग्रहाला जमिनीवरचे एकही केंद्र दिसत नाही, म्हणून तो तुमची माहिती लेझरने शेजारच्या उपग्रहाकडे देतो, तो पुढच्याकडे, असे करत ती हजारो किलोमीटर दूरच्या केंद्रावर उतरते. पिंग वाढतो तो या आडव्या प्रवासामुळे. तरीही एक गंमत लक्षात घ्या: निर्वात पोकळीत प्रकाश ३ लाखांच्या वेगाने जातो आणि काचेच्या फायबरमध्ये साधारण २ लाखांच्या, त्यामुळे पल्ला पुरेसा लांब असेल तर आकाशातील वाट समुद्राखालच्या केबलपेक्षा लवकर पोहोचवू शकते.

ध्रुवतारा

मी हौशी आकाशनिरीक्षक आहे आणि या उपग्रहांवर माझा थोडा रागच आहे, तो आधीच सांगून ठेवते. तरीही मुलाच्या प्रश्नावर मला लिहायचे आहे, कारण माझ्या मते उंची उतरवण्याचे खरे कारण त्याच्या प्रश्नात दडलेले आहे. "खाली आणले तर पडतील का?" याचे उत्तर "हो, आणि ते पडावेत म्हणूनच खाली आणत आहेत" असे आहे.

पाचशे किलोमीटरवर हवा नाही असे आपण पुस्तकात शिकवतो, पण ती अगदी शून्य नाही. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला ती विरळ हवाही मागे ओढत राहते आणि त्याची उंची कमी होत जाते. जिवंत उपग्रह आपल्या छोट्या इंजिनाने ही घट भरून काढतो; प्रश्न उरतो तो मेलेल्या उपग्रहाचा. ४८० किलोमीटरवर मेलेला उपग्रह हवेच्या ओढीने लवकर खाली येऊन जळून जातो, ५५० वर त्याला वर्षे लागतात आणि १,२०० वर शतके. त्यातही सूर्याचा हात आहे. सूर्य तेजीत असला की वरचे वातावरण तापून फुगते आणि हवेचा हा झाडू जोरात चालतो, सूर्य शांत झाला की तो मंदावतो. सूर्याच्या या तेजी-मंदीच्या सध्याच्या चक्राचा कळस २०२४ मध्ये होऊन गेला आणि आता उतार सुरू आहे. म्हणून कंपनीचे म्हणणे असे, की येत्या शांत काळात जुन्या उंचीवर जिथे चार वर्षांहून अधिक लागली असती तिथे नव्या उंचीवर काही महिने पुरतील. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २०२२ मध्येच काम संपल्यावर पाच वर्षांच्या आत उपग्रह कक्षेबाहेर काढण्याचा नियम केला, त्याआधीचा प्रघात पंचवीस वर्षांचा होता.

उंचीने काय फरक पडतो हे पाहायचे असेल तर उपग्रह फोडण्याच्या तीन चाचण्या शेजारी-शेजारी ठेवाव्यात. चीनने जानेवारी २००७ मध्ये आपला जुना हवामान उपग्रह साडेआठशे किलोमीटरच्या आसपास फोडला. तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले आणि त्यांतील बहुतेक आजही वर फिरत आहेत. रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये असाच एक उपग्रह साधारण ४८० किलोमीटरवर फोडला, म्हणजे स्टारलिंक आता उतरत आहे त्याच उंचीवर. दीड हजारांहून अधिक तुकडे झाले, पण सूर्य तेजीत असल्यामुळे पुढच्या काही वर्षांत बहुतेक गळून पडले. भारताची मार्च २०१९ मधील 'मिशन शक्ती' चाचणी तीनशे किलोमीटरच्या आतबाहेर मुद्दाम घेतली होती, आणि वर फेकले गेलेले थोडे तुकडे सोडले तर तो कचरा लवकर संपला. वरच्या कक्षेत असे काही घडले, तर आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, अशीच गत होईल.

मुलाला जमिनीवर काय पडते याची धास्ती असेल, तर तीही अनाठायी नाही. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भाच्या आकाशातून जळत गेलेला रांगेतला प्रकाश अनेकांनी पाहिला आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. ते मात्र रॉकेटचे अवशेष होते, इंटरनेटच्या उपग्रहाचे नव्हेत. हे उपग्रह वातावरणात पूर्ण जळावेत अशा बेताने बनवलेले असतात, तरी २०२४ मध्ये कॅनडातील एका शेतात सापडलेला सुमारे अडीच किलोचा तुकडा आपल्याच उपग्रहाचा असल्याचे स्टारलिंकला मान्य करावे लागले. धोका अत्यंत कमी आहे, पण शून्य आहे असे मुलांना सांगू नका.

माझ्या रागाचे म्हणाल, तर खालचा उपग्रह दुर्बिणीत अधिक उजळ दिसतो खरा, पण तो पृथ्वीच्या सावलीत लवकर शिरतो आणि मध्यरात्रीचे आकाश मोकळे सोडतो. १,२०० किलोमीटरवरचा उपग्रह रात्री उशिरापर्यंत उन्हात चमकत राहतो. त्यामुळे आमच्यातील बहुतेकांना त्यातल्या त्यात खालची कक्षाच परवडते.

चिकित्सक

वरील चर्चेत एक गोष्ट राहून जात आहे. खाली आणणे एवढे शहाणपणाचे असेल तर ते पहिल्यापासून का केले नाही? २०१८ मध्ये स्टारलिंकला मंजुरी मिळाली होती ती १,११० ते १,३२५ किलोमीटरच्या कक्षांसाठी; ५५० चा विचार नंतर झाला, २०१९ मध्ये काही उपग्रहांसाठी आणि २०२१ मध्ये उरलेल्यांसाठी. उंची बदलण्यात सुरक्षिततेइतकाच व्यवहारही असतो, हे विसरू नये.

शिवाय खाली गर्दी नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चारशे किलोमीटरच्या थोडे वर फिरते आणि चीनचे स्थानक त्याहून जरा खाली. २०२१ मध्ये चिनी स्थानकाला स्टारलिंकच्या उपग्रहांपासून दोनदा बाजूला व्हावे लागल्याची तक्रार चीनने संयुक्त राष्ट्रांकडे केली होती. त्यांतील एक उपग्रह ५५५ वरून ३८२ किलोमीटरवर उतरत आलेला होता. फेब्रुवारी २०२२ चा प्रकारही आठवा. ४९ उपग्रह सोडले गेले, त्यांच्या कक्षेचे सर्वांत खालचे टोक २१० किलोमीटरवर होते, दुसऱ्याच दिवशी सौरवादळाने तिथली हवा दाटली आणि चाळीसच्या आसपास उपग्रह वर चढूच शकले नाहीत. हवेचा झाडू मेलेल्यांना आणि जिवंतांना सारखाच लागतो. वनवेबच्या १,२०० किलोमीटरवर हा त्रास नाही, इंधन वाचते, थोड्या उपग्रहांत भागते. मग तीच उंची बरी नव्हे का?

ध्रुवतारा

जिवंत उपग्रहासाठी बरी, हे मान्य. पण वनवेबचा एखादा उपग्रह तिथे बंद पडला आणि त्याला खाली आणता आले नाही, तर तो आपल्या पणतवंडांनाही वारशात मिळणार. वनवेबलाही याची जाणीव आहे. मार्च २०२३ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम ३ रॉकेटने श्रीहरिकोट्याहून त्यांचे ३६ उपग्रह नेले, ते ४५० किलोमीटरवरच सोडले होते आणि पुढची चढण उपग्रहांनी आपल्या विजेवर चालणाऱ्या इंजिनांनी केली. सोडल्याबरोबर एखादा निकामी निघाला तर तो खालीच असावा, हा त्याचा एक मोठा फायदा. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकने हाच विचार जरा जास्त ताणला आणि त्याची किंमत मोजली.

सातपुडेकर

सर्वांचे मनापासून आभार. लंबक यांनी २५ अंशांचा उल्लेख केल्यावर आम्ही काल वर्गात एक प्रयोग केला. कंपास पेटीतील कोनमापकाला दोरा आणि त्याच्या टोकाला खडा बांधून ओळंबा केला, कोनमापकाच्या सरळ कडेवरून डोंगरमाथ्याकडे नजर लावली आणि दोरा कुठे पडतो ते वाचले. शाळेच्या गच्चीवरून दक्षिणेकडचा डोंगर १२ अंश भरला, पूर्व-पश्चिमेकडे १५ ते १८, पण उत्तरेकडचा मुख्य डोंगर ३१ अंश निघाला. पाच मुलांनी वेगवेगळे मोजले तरी एक-दोन अंशांपलीकडे फरक आला नाही. एकाच बाजूला अडथळा आहे म्हणून चालून जाईल, असे समजावे का?

लंबक

प्रयोग फार चांगला केलात, पण अडथळा नेमका नको त्या बाजूला आहे. स्टारलिंकच्या ज्या उपग्रहांविषयी आपण बोलतो आहोत, त्यांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५३ अंशांनी कललेल्या आहेत. झोक्याकडे पाहा: तो टोकाला जाऊन वळताना सर्वांत जास्त वेळ रेंगाळतो. तसे हे उपग्रह ५३ अक्षांशाजवळ दाटतात आणि आपल्याकडच्या १६ ते २२ अक्षांशांवरून झपाट्याने निघून जातात. म्हणजे तुमच्या गावाहून पाहिले तर उत्तरेकडे त्यांची गर्दी अधिक. शिवाय दक्षिणेकडे सुमारे ६४ अंशांवर टीव्हीच्या भूस्थिर उपग्रहांची कमान आहे, आणि त्यांच्या लहरींत व्यत्यय येऊ नये या आंतरराष्ट्रीय नियमामुळे त्या कमानीलगतचा पट्टा खालच्या उपग्रहांना टाळावा लागतो. दोन्ही कारणांनी आपल्याकडे डिशची मदार उत्तरेकडच्या आकाशावरच जास्त राहते.

आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाला लागून एक कडू गोष्ट. ३१ अंशांच्या डोंगरावरून ५५० किलोमीटरवरचा उपग्रह साधारण ७६५ किलोमीटर दूर असेपर्यंत दिसतो, ४८० वर आल्यावर ६८५ पर्यंतच. उपग्रहांची संख्या तेवढीच राहिली, तर उत्तरेच्या डोंगरावरून एका वेळी दिसणारे उपग्रह सुमारे एक पंचमांशाने घटतील. मोकळ्या माळरानावरही घट साधारण तेवढीच होते, पण तिथे मुळात दिसणारे उपग्रह जास्त असल्यामुळे ती जाणवत नाही. दरीत मात्र आधीच मोजके असतात, म्हणून अधूनमधून काही सेकंद जोडणी तुटण्याची शक्यता वाढते. सत्तर किलोमीटरचा सौदा आकाशाच्या भल्याचा आहे याविषयी मला शंका नाही, पण दरीतल्या शाळेला त्यात तोटाच आहे. तेव्हा डिश गच्चीवरच हवी असा आग्रह न धरता, उत्तरेचा डोंगर २५ अंशांच्या खाली भरेल अशी जागा आधी शोधा. डोंगरापासून जितके दूर सराल तितका कोन कमी होईल. डिशची केबल मर्यादित लांबीची असते, त्यामुळे ती जागा विजेच्या जोडणीपासून फार लांब नको.

सातपुडेकर

आज शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन ओढ्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर गेलो. तिथून उत्तरेचा डोंगर २३ अंश भरतो, आणि पंपासाठी विजेचा खांब टाकीला लागूनच आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच शेवटचे मोजमाप घेतले, आणि ४८० किलोमीटरच्या हिशेबाने तिथून किती दूरचा उपग्रह दिसेल हे ती उद्या फळ्यावर काढून दाखवणार आहे. टाकी ग्रामपंचायतीची असल्याने डिश बसवायची वेळ आली तर परवानगी लागेल, तेवढा अर्ज मी आजच लिहून ठेवला आहे.